सोलापूरहून जुन्या अम्युझमेंट पार्कची सहल: चाळीस माणसं नेताना

आमच्या जुळे सोलापूरच्या सोसायटीतून दरवर्षी एक सहल निघते आणि गेली काही वर्षं तिची जबाबदारी माझ्याकडे आहे. मागच्या खेपेला आम्ही अडतीस जण होतो. सगळ्यात लहान मुलगी पाच वर्षांची आणि सगळ्यात मोठ्या आक्का अठ्ठ्याहत्तरच्या. एवढ्या वयांच्या माणसांना एकाच दिवशी एकाच जागी रमवायचं तर मला जुनं अम्युझमेंट पार्कच बरं वाटतं. नव्या मोठ्या पार्कातले पाळणे थरारक असतात, पण तिथं चालणं फार आणि आजी-आजोबांसाठी काहीच नसतं. जुन्या पार्कातली झाडं वीस-तीस वर्षांची झालेली असतात, त्यामुळे सावली दाट मिळते. अंतरं कमी असतात. टॉय ट्रेनमध्ये नातू आणि आजी एकाच बाकावर बसू शकतात. पण जुनं पार्क म्हणजे जुनी यंत्रंही आलीच, तेव्हा काळजी थोडी जास्त घ्यावी लागते. आजीची सोय आणि पाळण्यांची पारख, या दोन गोष्टी धरूनच मी सगळं ठरवते.

आधी पार्क, मग तारीख

आपल्याकडे मुलांना पाळण्यांची ओळख होते ती गड्ड्यात, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेत. होम मैदानावरचा आकाशपाळणा, टोराटोरा, ब्रेक डान्स हे सोलापूरच्या पोराला नवं नाही. पण बारा महिने चालणारं, झाडाझुडपांचं पार्क बघायचं तर बाहेर पडावं लागतं. आम्ही निगडीचं अप्पूघर धरतो. पिंपरी-चिंचवडला दुर्गा टेकडीजवळ आहे. अप्पू म्हणजे १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांचा शुभंकर असलेला हत्ती. त्याच्या नावाचं अप्पूघर दिल्लीत १९८४ साली सुरू झालं आणि २००८ मध्ये बंद झालं. मुंबईला गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं, तेही आता बंद आहे. तरी दरवर्षी बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "एस्सेलवर्ल्डला जाऊ या की!" म्हणून पहिली पायरी अशी की पार्क चालू आहे का, हे फोन करून स्वतः विचारायचं. इंटरनेटवरचे फोटो दहा वर्षांपूर्वीचेही असू शकतात.

त्या एका फोनवर एवढं विचारून घ्या: आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते, वेळ काय, कोणते पाळणे सध्या बंद आहेत, बाहेरचं खाणं आत चालतं का, नुसत्या प्रवेशाचं तिकीट वेगळं मिळतं का, किती माणसांवर सवलत आहे आणि सांगितलेल्या दरात कर धरलाय का. उत्तरं व्हॉट्सॅपवर लिहून मागवा. हे मी अनुभवावरून सांगते. एका ठिकाणी, नाव घेत नाही, आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा कळलं की मुलं ज्यासाठी आली होती ते तीनही मोठे पाळणे दुरुस्तीला काढलेत. फोनवर "सगळं चालू आहे" असं सांगितलं होतं, पण लेखी काहीच नव्हतं. पोरांचे चेहरे मला अजून आठवतात.

तारीख नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीमधली घ्या. मार्चनंतर आपल्याला उन्हाची सवय असली तरी लोखंडी बाक आणि पाळण्यांचे दांडे हात लावू देत नाहीत. पावसाळ्यात पाऊस आला की पाळणे थांबवतात आणि थांबवायलाच हवेत. संक्रांतीचा आठवडा सोडा, यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक आणि गड्डा टाकून सोलापूर सोडायला कुणी तयार होत नाही. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या वारी शाळांच्या सहली येतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. "मधला वार, गर्दी नसेल" म्हणून जावं आणि आत आठ शाळा असाव्यात! फोनवर तेही विचारा, "त्या दिवशी शाळांचं बुकिंग आहे का?"

जायचं कसं

निगडी आपल्यापासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, चौफुला, यवत करत हडपसर. रस्ता सपाट आहे, घाट नाही, त्यामुळे गाडी लागणाऱ्यांना तसा त्रास कमी. खरा वेळ जातो तो हडपसर ते निगडी. सकाळच्या गर्दीत सापडलात तर तिथंच दीड तास मोडतो.

*खासगी बस.* चाळीस माणसांना हेच सोयीचं. पण एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं तर पहाटे चारला निघून रात्री बारानंतर परत. एकाच चालकाकडून हे करून घेऊ नका. कायद्यानंही चालकाचं काम दिवसाला आठ तासांचंच धरलंय. एक तर दोन चालक मागा, नाही तर मुक्काम करा. आगाऊ रक्कम देण्याआधी गाडीचा परवाना, फिटनेस, विमा आणि पीयूसीचे फोटो मागवून घ्या. टोल भाड्यात धरलाय की वेगळा, हेही आधीच बोलून घ्या. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे नाके वाटेत लागतात आणि जाऊन-येऊन ती रक्कम बरीच होते.

*रेल्वे.* हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास निघते आणि चार तासांत पुण्याला सोडते. तिथून लोणावळ्याची लोकल धरून आकुर्डीला उतरायचं, पुढे रिक्षा. पण हिशेब करा: पार्कात पोचायला बारा वाजतात आणि संध्याकाळी सहाची हुतात्मा परत धरायची तर चारला निघावं लागतं. पार्कात मिळतात जेमतेम चार तास. तरुण मंडळी असतील तर चालेल. एका पीएनआरवर सहाच नावं बसतात, म्हणजे अडतीस जणांची सात तिकिटं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच दोघातिघांनी बसून काढा, नाही तर डबे वेगवेगळे येतात. वेळापत्रक बदलत असतं, तिकीट काढताना पुन्हा बघून घ्या.

*एसटी.* फक्त बायकांची भिशी निघणार असेल तर याचा विचार जरूर करा. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना त्याआधीपासूनच प्रवास मोफत. ही सवलत रोजच्या फेऱ्यांना असते. प्रासंगिक करारावर अख्खी गाडी घेतली तर किलोमीटरच्या हिशेबानं भाडं पडतं.

आम्ही आता मुक्काम करतो. पहिल्या दिवशी पार्क, रात्री निगडी-आकुर्डीकडे साधी खोली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देहू. निगडीहून देहू अगदी जवळ आहे. पंढरीची वारी केलेल्या आक्कांना "तुकोबांच्या गावाला जायचंय" म्हटलं की त्या पार्कातला अख्खा दिवस आनंदानं काढतात. त्यांच्यासाठी सहल देहूची असते, पार्क वाटेत लागतं. ही जोड दिल्यापासून घरी थांबणारी चार माणसं आमच्याबरोबर यायला लागली.

यादी करताना गड्डा आठवा

नाव, वय, फोन, रक्तगट, चालू औषधं आणि घरी कुणाला कळवायचं, एवढं प्रत्येकाचं एका वहीत लिहा. वहीच घ्या, मोबाइलची बॅटरी दुपारी संपते. मग ज्यांना रक्तदाब, हृदयाचा त्रास, फिट येणं, मान-कंबरेचं दुखणं, चक्कर आहे, नुकतं ऑपरेशन झालंय किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांच्या नावापुढे खूण करा. जोरात फिरणारे पाळणे त्यांनी घ्यायचे नाहीत. हे त्या माणसाशी एकट्याशी, घरीच बोला. फाटकाशी, चारचौघांत सांगितलं की माणूस इरेला पेटतो आणि बसतो.

कोण काय झेपवेल हे ओळखायला गड्ड्यासारखी दुसरी परीक्षा नाही. ब्रेक डान्समधून उतरल्यावर कोण पांढरं पडलं होतं, आकाशपाळणा वर थांबला की कोण डोळे मिटतं, कुणाला पुन्हा पुन्हा बसायचं असतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. विचारून घ्या आणि त्यावरून तीन टोळ्या करा. आम्ही त्यांना आकाशवाले, जमिनीवाले आणि सावलीवाले म्हणतो. आकाशवाले कोलंबस (मागंपुढं झुलणारं मोठं जहाज), रोलर कोस्टर असलं सगळं घेणारे. जमिनीवाले म्हणजे लहान मुलं आणि त्यांचे आईबाप: टॉय ट्रेन, घोड्यांचा पाळणा, धडक गाड्या. सावलीवाले बसणारे, गप्पा मारणारे. प्रत्येक टोळीला एक प्रमुख. घराप्रमाणे टोळ्या करू नका, बापाला कोलंबस हवं असतं आणि लेकराला बदक.

मुलांची उंची घरीच टेपनं मोजा. प्रत्येक मोठ्या पाळण्यापाशी उंचीची पट्टी असते. दोन बोटं कमी पडली म्हणून रांगेतून परत फिरावं लागलं तर ते रडणं तासभर थांबत नाही. घरी मोजून, "हे दोन तुझे नाहीत, हे पाच तुझे" असं सांगितलेलं पोर ऐकतं.

वर्गणी

दोन हप्त्यांत घ्या. पहिला हप्ता गाडीचा, तो परत मिळणार नाही हे लिहूनच द्या. गाडीचं भाडं सगळ्यांना सारखं, पण पार्कचं तिकीट टोळीप्रमाणे ठेवा. सावलीवाल्यांना सगळ्या पाळण्यांचा पास काढण्यात पैसे वाया जातात, त्यांना नुसता प्रवेश आणि टॉय ट्रेनचं सुटं तिकीट पुरतं. आकाशवाल्यांना पास परवडतो की सुटी तिकिटं, हे दरफलकावर चार-पाच पाळण्यांची बेरीज करून बघा. अंदाजाचा दहावा हिस्सा हाताशी जास्त ठेवा.

डबे

या बाबतीत सोलापूरकराचं नशीब चांगलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर हलत नाही, धपाटे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. त्यासोबत कांदा, दही आणि गूळ. पातळ भाजी, रस्सा, पुरणाचं काही नेऊ नका. पार्कात बाहेरचं खाणं चालत नसेल तर डबे गाडीतच ठेवा आणि एक वाजता सगळे बाहेर येऊन जेवा, पण बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडतात का, हे तिकीट काढतानाच विचारून हातावर शिक्का मारून घ्या. जाताना इंदापूरच्या आसपास हलका नाश्ता करा, पोहे किंवा इडली. भिगवणच्या मासळीचा मोह सगळ्यांना होतो. ती परतीच्या वाटेवर खा, पाळण्यात बसायच्या दिवशी सकाळी मुळीच नको.

पाण्याचे वीस लिटरचे दोन जार गाडीत, आणि प्रत्येकाची स्वतःची बाटली. ओआरएसची दहा पाकिटं ठेवा, एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. दोन जुन्या सोलापुरी चादरी न चुकता घ्या, झाडाखाली टाकायला दुसरं काही इतकं बरं नाही.

आत शिरल्यावरचा पहिला अर्धा तास

इथं घाई करू नका. उघडायच्या वेळेलाच पोचलात तर पाळणे रिकामे फिरवून बघताना दिसतात. हे बघायला मिळणं चांगलं लक्षण. सकाळच्या या रिकाम्या फेऱ्या नीट घेतल्या जातात का, यावरून पार्क चालवणाऱ्यांची शिस्त कळते. आपल्याकडे पाळण्यांच्या सुरक्षेसाठी आयएस १५४७५ हे भारतीय मानक आहे. आपण काही तपासनीस नाही, पण डोळे उघडे ठेवून बरंच दिसतं.

मी प्रत्येक मोठ्या पाळण्यापाशी एक फेरी नुसती उभी राहून बघते. चालवणारा माणूस पाळण्याकडे बघतोय की मोबाइलमध्ये? प्रत्येक दांडा तो हातानं ओढून बघतो का? कुंपणाचं फाटक फेरी चालू असताना बंद असतं का? चढायची आणि उतरायची वाट वेगळी आहे का? आवाज सारखा आहे की मधेच खडखडतो? रंग उडालेला असेल तर मी घाबरत नाही, जुन्या पार्कात तो उडतोच. जोडाच्या ठिकाणी तांबूस ओघळ उतरलेले असतील, बसायच्या जागेचा पत्रा उचकटलेला असेल किंवा दांडा तारेनं बांधलेला असेल तर तो पाळणा आमच्यासाठी त्या दिवशी बंद.

एकदा एका म्हाताऱ्या चालकाला बघितलं होतं. पाळण्यातल्या प्रत्येक जागेशी थांबायचा, दांडा खाली घ्यायचा, त्याची खिट्टी बोटानं चाचपायचा, मग दांडा दोनदा वर उचलून बघायचा आणि मुलाच्या गुडघ्यावर हलकी थाप मारून पुढं जायचा. सोळा जागा, सोळा थापा. रांगेतली पोरं ओरडत होती, त्यानं वेग वाढवला नाही. अशा माणसाच्या पाळण्यात मी माझी मुलगी डोळे झाकून बसवते. तुम्हीही चालकाची तपासणी झाली की आपला दांडा स्वतः एकदा ओढून बघा. ढिला वाटला तर फेरी सुरू व्हायच्या आत हात वर करून मोठ्यानं सांगा. लाजायचं कारण नाही.

कपड्यांचं सांगते. ओढणी, पदर आणि मोकळे केस हे फिरत्या यंत्राजवळ धोक्याचे आहेत, गो-कार्टमध्ये तर फारच. ओढणी गाडीतच ठेवा, पदर खोचून पिन लावा, वेणीचा अंबाडा बांधा. शक्य असेल त्यांनी त्या दिवशी सलवार घालावी. गळ्यातलं, चष्मा, मोबाइल, चपला सावलीवाल्यांकडे सोपवून मगच बसा.

कोणता पाळणा कधी

मोठे, फिरणारे पाळणे सकाळीच उरका. पोट हलकं असतं आणि रांगही लहान असते. कोलंबसमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्यांना मधल्या जागा द्या, टोकाची माणसं सगळ्यात उंच जातात आणि पोटात गोळा त्यांनाच जास्त येतो. रोलर कोस्टरमध्ये मागचे डबे उतारावरून जोरात ओढले जातात, म्हणून नवख्यांना मागं बसवू नका. मळमळ होते ती कान आणि डोळे वेगवेगळं सांगायला लागले की. अंग फिरतंय हे कानातल्या तोलाच्या भागाला कळतं आणि डोळे मात्र समोरच्या पाठीवर खिळलेले असतात. दूरवरच्या झाडाकडे, क्षितिजाकडे बघत राहिलं की बरं वाटतं. लागोपाठ दोन फिरणारे पाळणे घेऊ नका. पाळणा मधेच थांबला तर बसून राहायचं, दांडा आपण उघडायचा नाही, हे मुलांकडून आधीच दोनदा वदवून घ्या.

उन्हं चढली की भुताचं घर, आरशांचं घर, टॉय ट्रेन असलं सावलीतलं. जेवणानंतर तास-दीड तास कुणीही फिरत्या पाळण्यात नाही. आकाशपाळणा अगदी शेवटी, उन्हं उतरल्यावर. तेव्हा वर गेलं की सगळा परिसर दिसतो आणि मुलं शांत होतात.

सावलीतली माणसं

बहुतेक सहलींत ही माणसं म्हणजे सामानाची राखण. पूर्वी माझ्याकडूनही तेच झालं. दिवसभर एका आजींनी अकरा जणांच्या चपला आणि पर्सा सांभाळल्या, आणि गाडीत बसताना म्हणाल्या, "मला फक्त घोड्यावर बसायचं होतं गं." मला फार लागलं ते. तेव्हापासून आमचा नियम असा की दर दीड तासानं राखणदार बदलायचा आणि प्रत्येक सावलीवाल्याचा एक तरी पाळणा सकाळीच वहीत लिहून ठेवायचा. पुढच्या वर्षी त्या आजी घोड्यावर बसल्या. लाकडी घोडा, मानेवरचा सोनेरी रंग खरवडलेला. एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर धरून त्यांनी दोन फेऱ्या घेतल्या. बाजूच्या घोड्यावर नात.

बैठक प्रसाधनगृहापासून शंभर पावलांच्या आत आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर टाका. तीच हरवलेल्यांनी येऊन थांबायची जागा. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी घडीच्या दोन खुर्च्या गाडीतून न्या. दुपारच्या गोळ्यांची वेळ झाली की वही बघून हाक मारायची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्या.

मोजणी

प्रत्येकाला सकाळीच एक नंबर. गाडीत चढताना, पार्कात शिरताना, जेवायला बसताना, निघताना आपापला नंबर ओरडायचा. आमच्यात मराठी, तेलुगू, कन्नड घरं आहेत, मुलं तिन्ही भाषांत मोजतात आणि त्यात मोजणी चुकतही नाही, कारण सगळे कान देऊन ऐकतात. लहान मुलांच्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, पेनानं दोन फोन नंबर लिहा. त्या दिवशीच्या कपड्यांत प्रत्येक मुलाचा एक फोटो सकाळीच काढून ठेवा, हरवलं तर "निळा शर्ट होता बहुतेक" असं होत नाही. ११२ आणि १०८ हे नंबर सगळ्या टोळीप्रमुखांच्या फोनमध्ये असू द्या.

परतताना

ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पहिली हाक द्या. चालकाचं जेवण आणि झोप झाली आहे का, हे सगळ्यात आधी विचारा. त्याच्या जेवणाचे पैसे वर्गणीतच धरलेले असावेत. रात्रीच्या प्रवासात चालकाशेजारी जागं राहणारा एक माणूस बसवा, आळीपाळीनं. टेंभुर्णीला चहाला थांबा, तिथून पुढं झोप फार अनावर होते.

हिशेब दोन दिवसांत, बिलांच्या फोटोंसकट, ग्रुपवर टाका. उरलेले पैसे ज्याचे त्याला परत करा, पुढच्या सहलीत धरू असं म्हणून ठेवू नका. आणि वहीच्या शेवटच्या पानावर, आठवण ताजी असतानाच, कोणता पाळणा बंद होता, कुठं चालणं फार झालं, धपाटे किती उरले हे लिहून ठेवा. आमच्या वहीत मागच्या वर्षीची शेवटची ओळ आहे: "खुर्च्या दोन नाही, चार."